मदत हवी आहे: अननसाच्या आंबटगोड मीटबॉलचे गोळे फुटताहेत

कृष्णाकाठ | दु. ३:१२
रात्री आठला सहा माणसं जेवायला आहेत. अननस घालून आंबटगोड मीटबॉल करायचे ठरलेत. गोळे रश्श्यात टाकले की विरघळतात. तीन-चार टाकून बघितले, एकही टिकला नाही. रस्साही पाणीच राहतोय, कॉर्नफ्लोअर घालूनसुद्धा. गोळे घट्ट होण्यासाठी काय घालू? बाकीचं मिश्रण फ्रिजमध्ये आहे. विश्रामबागला राहतो, सांगलीत मिळेल तेच सांगा.

मीठमिरची | दु. ३:१७
खिमा कशाचा? चिकन की मटण? बाइंडिंगला काय घातलंय? गोळे आधी तळले की कच्चेच रश्श्यात सोडले? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

दंडोबाचा पायथा | दु. ३:२०
चिकनचा असेल तर फुटणारच. मटणाचा खिमा आणा. पुढच्या पायाचा, थोडी चरबी ठेवून, दोनदा काढून मागा. चरबी साधारण पाचात एक भाग हवी. चिकनच्या छातीचा खिमा कोरडाही होतो आणि सुटतोही.

कृष्णाकाठ | दु. ३:२४
चिकन, अर्धा किलो. अंडं एक, ब्रेडचा चुरा दोन मुठी. आधी तळून घेतले, तळतानाच कडा सुटत होत्या. अजून एक अंडं घालू का? हो किंवा नाही एवढंच सांगा.

पाकशाळा | दु. ३:२९
नाही. दुसऱ्या अंड्याने मिश्रण आणखी सैल होईल. दोन गोष्टी सांगा. अननस ताजा की डब्यातला? आणि तो फक्त रश्श्यात आहे की खिम्यातही घातलाय?

अन्नपूर्णा मिरज | दु. ३:३१
खिम्यात दोन चमचे घट्ट दही घाला, गोळे एकदम मऊ होतात. आणि तळायचे कशाला? ओव्हन २०० अंशांवर तापवून १५ मिनिटं भाजा. तेल वाचतं, कडाही सुटत नाहीत.

कृष्णाकाठ | दु. ३:३५
ताजा अननस. किसून खिम्यातही घातलाय, चव आतपर्यंत मुरावी म्हणून. सकाळी अकराला कालवून ठेवलंय. ओव्हन नाही.

पाकशाळा | दु. ३:४६
कारण तेच. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं द्रव्य असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. कच्ची पपई लावली की मटण लवकर शिजतं, तसंच काम. मटणाच्या मोठ्या तुकड्याला ते वरवरच लागतं, पण खिम्याच्या कणाकणाला अननस भिडतो. गोळा धरून ठेवणारी प्रथिनंच तुटली, तर अंडं आणि ब्रेड कशाला धरणार? फ्रिजमध्ये ही क्रिया मंदावते, थांबत नाही. साडेचार तासांत मिश्रण चिकट लगद्यासारखं झालं असेल. बोटाने दाबून बघा, खिम्याचा दाणा लागत नसेल तर त्याचे गोळे आता होणार नाहीत.

डब्यातल्या अननसाने हे होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. उष्णतेने ब्रोमेलिन निकामी होतं. म्हणून ताजा अननस वापरायचा तर तो मांसाला लागण्याआधी उकळायचा.

अन्नपूर्णा मिरज | दु. ३:५१
एवढा खिमा वाया कशाला घालवायचा? इडलीपात्राला तेल लावा, मिश्रणात आणखी ब्रेडचा चुरा कालवून साच्यात भरा आणि १२ मिनिटं वाफवा. आकार धरतो. मग रश्श्यात सोडा.

पाकशाळा | दु. ३:५५
आकार धरेल, मान्य. पण खाताना पिठूळ लागेल, मांसाचा चावा राहणार नाही. पाहुण्यांसाठी नवा खिमा आणा. जुना टाकू नका, पण ठेवूनही देऊ नका. आत्ताच कढईत कोरडा होईपर्यंत परता, उद्या पॅटिसमध्ये किंवा पराठ्यात जाईल. आणि दही घालायला सांगितलंत, ते ताज्या अननसाबरोबर अजिबात नको. दुधाच्या प्रथिनांवरही ब्रोमेलिन तसंच चालतं आणि चव कडवट होते.

दंडोबाचा पायथा | दु. ३:५८
नवा आणायचाच तर मटणाचा आणा.

मीठमिरची | दु. ४:०२
आज बुधवार आहे, संध्याकाळी मटणाच्या दुकानात गर्दी असते. शिवाय या गोड रश्श्यात मटणाचा वास वर येतो. चिकनच आणा, फक्त छातीचं नको. लेगपीसचं बोनलेस समोर काढून घ्या आणि त्याचा खिमा करायला सांगा. चिकन धुवायचं असेल तर खिमा करण्याआधी धुवून निथळून घ्या. खिमा धुतला की पाणी धरून बसतो आणि गोळे सैल होतात.

कृष्णाकाठ | दु. ४:०६
बरं, निघतोय. अर्धा किलोचं प्रमाण लिहून ठेवा. रश्श्याचंही. तो पातळ का होतोय?

पाकशाळा | दु. ४:३१
गोळे: ब्रेडच्या २ स्लाइस ३ मोठे चमचे दुधात भिजवून हाताने कुस्करा, लगदा झाला पाहिजे. (हे दूध चालतं, कारण इथे अननस नाही.) कोरड्या चुऱ्यापेक्षा हे बरं, चुरा मांसातलं पाणी ओढतो आणि गोळा कोरडा पडतो. त्यात १ अंडं, १ छोटा चमचा मीठ, १ चमचा आलं-लसूण, अर्धा चमचा मिरपूड, थोडी कोथिंबीर. कांदा घालायचाच तर अगदी बारीक चिरून, मीठ लावून, दहा मिनिटांनी घट्ट पिळून. कांद्याचं पाणी आत राहिलं की गोळा तळताना तडकतो. मग खिमा घालून एकाच दिशेने दोन-तीन मिनिटं मळा. मिठामुळे मांसातलं चिकट प्रथिन सुटतं, मिश्रण बोटांना ओढ लावायला लागतं. तिथे थांबा. त्यापुढे मळलं तर गोळे रबरासारखे होतात.

तेलाच्या हाताने लहान लिंबाएवढे वळा, साधारण २५ होतील. ताटात मोकळे ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये. पसरट तव्यात थोडं तेल, मध्यम आच, दोन खेपांत. टाकल्यावर पहिली दोन मिनिटं हलवायचेच नाहीत. बुडाला कवच धरलं की गोळा आपोआप सुटतो, त्याआधी उलथनं घातलं तर फाटतो. सगळीकडून सोनेरी व्हायला ७-८ मिनिटं. आत थोडे कच्चे राहिले तर चालेल, रश्श्यात शिजतील.

रस्सा पातळ का, ते सांगतो. कॉर्नफ्लोअर कधी घातलंत, व्हिनेगर कधी, आणि नंतर किती वेळ उकळलंत?

कृष्णाकाठ | दु. ४:५८
खिमा आणला. कॉर्नफ्लोअर आधी, मग व्हिनेगर, मग झाकण ठेवून वीसेक मिनिटं उकळलं.

पाकशाळा | सं. ५:०९
मग पातळ होणारच. आंबटात कॉर्नफ्लोअर जास्त वेळ उकळलं की त्याचा घट्टपणा मोडतो. शिवाय विरघळलेल्या गोळ्यांचं पाणी त्यात उतरलं. क्रम उलटा करा.

अननसाच्या लहान फोडी दीड वाटी बाजूला ठेवा. उरलेल्याचा मिक्सरमधून रस काढून गाळा, एक मोठा कप हवा. रस आणि फोडी एकत्र ५ मिनिटं खळखळ उकळा. ही पायरी गाळू नका. आता किसलेला गूळ ३ मोठे चमचे, व्हिनेगर २, टोमॅटो केचप २, सोया सॉस १, तिखटाचे फ्लेक्स अर्धा छोटा चमचा. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ शेवटी चाखूनच. दुसऱ्या कढईत लसूण, कांद्याच्या पाकळ्या आणि ढोबळी मिरचीचे चौकोन मोठ्या आचेवर एक मिनिट परता, करकरीत राहू द्या, आणि त्यावर हा रस ओता. गोळे सोडा, मंद आचेवर ५ मिनिटं. एक गोळा कापून बघा, आत गुलाबी दिसला तर अजून दोन मिनिटं.

सगळ्यात शेवटी १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर ३ चमचे थंड पाण्यात कालवून धार धरा. पांढरटपणा जाऊन रस्सा चकचकीत झाला की एका मिनिटात गॅस बंद.

गूळव्यापारी नाही | सं. ५:१४
गूळ आधी चाखा. जुना गूळ खारट लागतो, मग सोया सॉसबरोबर सगळंच खारट होतं. अर्धी वाटी रसात विरघळवून गाळून घाला, तळाला बारीक कच बसते ती खाली राहील. रंग काळपट नको असेल तर निम्मी साखर.

हळदरोड | सं. ५:१८
व्हिनेगरच्या जागी चिंचेचा कोळ घाला. आणि तासगावचा बेदाणा मूठभर. आपल्या जिल्ह्याच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तो सोडून सॉसच्या बाटल्या कशाला?

मीठमिरची | सं. ५:२३
चिंच आणि गूळ एकत्र आले की चव आमटीकडे जाते, अननस मागे पडतो. चिंच नकोच. व्हिनेगर नसेल तर लिंबू, तेही गॅस बंद केल्यावर. बेदाणा चालेल, पण मग गूळ एक चमचा कमी करा.

सात्विक थाळी | सं. ५:२७
आमच्याकडे हेच दुधी-पनीरच्या कोफ्त्यांचं करतात. दुधी किसून पिळून, पनीर, बेसन. बघा जमलं तर.

पाकशाळा | सं. ५:३३
पनीरलाही अननस उकळूनच. धाग्यात मांसाहार विचारलाय, पण कुणी पनीर घालणार असेल तर म्हणून सांगून ठेवतो.

दंडोबाचा पायथा | सं. ५:४०
बरोबर काय? याच्याबरोबर भाकरी जात नाही. साधा मोकळा भात करा, मीठ कमी. आणि मुलं असतील तर तिखट वेगळं ठेवा.

कृष्णाकाठ | सं. ६:२१
गोळे वळून फ्रिजमध्ये ठेवले. मिश्रण या वेळी बोटांना ओढ लावतंय. अननस आंबट आहे, गूळ वाढवू का? आणि साडेसातला सगळं एकत्र करून ठेवलं तर आठपर्यंत टिकेल?

पाकशाळा | सं. ६:२९
आपल्याकडे बराचसा अननस केरळातून येतो, प्रवासासाठी थोडा कच्चाच काढलेला, म्हणून आंबट निघतो. गूळ आधी एक चमचाच वाढवा, उकळून चाखा, मग पुढचा.

आणि एकत्र करून ठेवू नका. आत्ता गोळे तळून झाकून ठेवा, रस्सा कॉर्नफ्लोअरशिवाय तयार ठेवा. सहा माणसांत बसायला उशीर होतोच. पानं मांडायला घेतली की रस्सा उकळा, गोळे सोडा, ५ मिनिटांनी कॉर्नफ्लोअर. भाज्याही तेव्हाच परता, नाहीतर ढोबळी मऊ पडेल. उरलं आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना सैल वाटलं, तर पाणी घालू नका, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर नव्याने कालवून घाला.

अन्नपूर्णा मिरज | सं. ६:३४
इडलीपात्रातले जुन्या मिश्रणाचे गोळे करून बघितलेत का?

कृष्णाकाठ | सं. ६:३८
नाही, तो खिमा परतून ठेवलाय. तवा तापलाय, तळायला घेतो.