कोळीगीतांच्या कॅसेटचे वेष्टन कसे वाचावे?

प्रश्न (रत्नागिरी): माध्यम अभ्यासाच्या प्रकल्पासाठी मी आजोबांकडील कोळीगीतांच्या जुन्या कॅसेटचे वेष्टन निवडले आहे. त्यावर शिडाची होडी, माड आणि लुगडे नेसलेली कोळीण आहे. वर्णनाच्या पुढे कसे जावे?

उत्तर (मालवण): फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ च्या निबंधात केलेला वाच्यार्थ (चित्रात थेट दिसते ते) आणि सूचितार्थ (त्यातून सुचते ते) हा भेद घ्यावा, आपल्या काव्यशास्त्रातील अभिधा-व्यंजनेशी तो बराचसा जुळतो. बंदरात यांत्रिक ट्रॉलर उभे असताना चित्रात शिडाचीच होडी का आली आणि ती कोणाच्या स्मरणरंजनासाठी आली, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर (वेंगुर्ले): शीर्षकही तपासावे. चित्राच्या अनेक अर्थांपैकी एकावर मजकूर नांगर टाकतो, असे बार्थच म्हणतात (उपमा आपल्याच किनाऱ्याची वाटते). याउलट बीटल्स या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या ‘ॲबे रोड’ या अल्बमच्या वेष्टनावर दर्शनी बाजूला बँडचे नावच नाही.

प्रश्नकर्ता: आमच्या वेष्टनावर गायिकेपेक्षा ‘अस्सल’ हा शब्द मोठा आहे, सुरुवात तिथूनच करतो.