देवघरातला प्लास्टिकचा मारुती: मूळ रंग पिवळा की केशरी?

वाईची_नात

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा चमत्कारिक आहे, आधीच सांगते. आमच्या वाईच्या घरी देवघरात एक प्लास्टिकचा मारुती आहे, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. तो मुळात पिवळा होता की केशरी, ते मला शोधून काढायचंय. माझी आणि दादाची पैज लागली आहे.

बाबा १९९० ते ९२ इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला होते. मी नऊ वर्षांची, दादा बाराचा. तेव्हा तिथल्या शाळेत 'मॉन्स्टर इन माय पॉकेट'चं वेड होतं. मऊ रबरासारख्या प्लास्टिकची एकरंगी भुतं. मेड्युसा, मिनोटॉर, हायड्रा, बाबा यागा, जगभरातली सगळी पिशाच्चं एका पाकिटात. प्रत्येकाच्या अंगावर गुणांचा आकडा. मधल्या सुट्टीत अदलाबदल चालायची. एकच भूत वेगवेगळ्या रंगांत यायचं, म्हणून दादाचं रडगाणं कधी संपायचंच नाही: मेड्युसा लाल आहे, हिरवी पाहिजे. मला रंगांचं काही नव्हतं. मला चेहरे आवडायचे.

आणि मग त्या भुतांत आपले देव निघाले. काली आधीपासून होती. दुसऱ्या मालिकेत गणपती, मारुती आणि यम आले. आईने ते पाहिलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाबा मात्र हसत सुटले.

९२ साली परत आलो तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चाळीसेक भुतं होती. आजीने तो डबा ओसरीवर पालथा केला. "ह्या भुतावळीत गणपती काय करतोय गं?" एवढंच विचारलं, आणि गणपती-मारुती उचलून, धुऊन, थेट देव्हाऱ्यात. यमाला दोन बोटांत धरलं आणि संध्याकाळी निर्माल्याबरोबर कृष्णेत सोडून आली. (आत्ता लिहिताना हसू येतंय, तेव्हा दादा दोन दिवस जेवला नव्हता.) कालीचं काय करावं हे तिला ठरवता येईना. हात जोडले, "बाई कडक दिसते" म्हणाली आणि परत डब्यात ठेवलं.

तेव्हापासून दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर. आजी २०११ साली गेली, पुढे काकूने चालवलं. आता काकू मुलाकडे राहायला चालली आहे, घर बंद होतंय, म्हणून देव वाटून झाले. मारुती माझ्याकडे पुण्याला आला. त्याला नाक उरलेलं नाही. शेपूट कुठे संपते आणि गदा कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. माझ्या आठवणीत तो झगझगीत केशरी होता. टोरांटोहून दादा फोनवर ओरडतो, "पिवळा! मी त्याच्यासाठी दोन मिनोटॉर दिले होते!"

तर प्रश्न:
रंग कसा ओळखायचा? पुटं खरवडायला मन होत नाही.
दुसरं म्हणजे काली. ती जांभळी आहे, पण डाव्या खांद्यावर लालसर डाग आहे. ऑनलाइन विकणारे अशा दुरंगी बाहुल्यांना 'दुर्मीळ' म्हणतात. ही तशी आहे का?
आणि डब्यातली बाकीची भुतं एकमेकांना चिकटलीत, चिकट तेलकट झालीत. साफ कशी करू?

---

भोसरीचा_मोल्डर

ताई, मी अठ्ठावीस वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे. खेळणी संग्रहातलं मला काही कळत नाही, पण माल कळतो.

पहिलं कालीचं. दुरंगी माल दोन कारणांनी होतो आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक, मशीनवर. लाल रंगाचा लॉट संपला, आता जांभळा घ्यायचा. हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, नवीन रंगाचा दाणा टाकला तरी बॅरलमध्ये, जिथे दाणा वितळतो त्या नळीत, जुना माल शिल्लक असतो. तो निघून जाईपर्यंत शॉट मारावे लागतात, म्हणजे साच्यात पुन्हापुन्हा माल सोडावा लागतो, त्याला आम्ही परजिंग म्हणतो. त्या मधल्या शॉट्समध्ये रंग मिसळलेला माल निघतो, संगमरवरासारख्या रेषा असलेला. तो बाजूला काढून दळायचा असतो. पण पाळी बदलायची वेळ असली, पोरगं घाईत असलं, की एखादा पीस चांगल्या मालात जातो. संग्राहक ज्याला दुर्मीळ म्हणतात तो हा. आमच्याकडे ह्याला रिजेक्शन म्हणतात आणि सुपरवायझरच्या शिव्या बसतात. माझ्या हातून आजवर असे किती पीस बाहेर गेले असतील! तीस वर्षांनी कुणी त्यांना भिंग लावून बघेल असं वाटलं असतं तर दोन-चार घरी ठेवले असते.

दोन, डब्यात. मऊ पीव्हीसी मऊ असतं कारण त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर घातलेला असतो. वर्षानुवर्षांत तो पृष्ठभागावर येतो. तुमची भुतं चिकट झालीत ती म्हणूनच, कुणी खाऊचे हात लावले म्हणून नव्हे. दोन रंगांचे पीस एकमेकांना टेकून पडले की त्याच्याबरोबर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो.

ओळखायचं कसं: मशीनवरचा रंग वाहत गेलेला दिसतो, लांबट रेषा, एका टोकाला दाट आणि पुढे पातळ होत गेलेला. डब्यातला डाग डागासारखाच असतो, त्याला शेजाऱ्याचा आकार असतो. डब्यातल्या लाल बाहुल्या एकेक करून कालीच्या खांद्याला लावून बघा. बसली एखादी, तर निकाल लागला.

आता मारुती. झगझगीत, हायलायटरच्या पेनासारखे रंग असतील तर ते फ्लोरोसंट असतात आणि अतिनील उजेडात पेटतात. दुकानात नोटा तपासायचं जांभळ्या दिव्याचं यंत्र असतं ना, त्याखाली धरा. शेंदूर काळपट राहील. तळपायाला किंवा कुठे टवका उडाला असेल तिथे मूळ रंग पेटून दिसेल. सावध मात्र राहा: हळदही त्याच दिव्याखाली पिवळी चमकते. तुमच्या देवघरात हळद नसेल असं होणार नाही. आधी तेवढी जागा साबणाने धुवा, मग बघा.

फ्लोरोसंट रंग उन्हात फार लवकर विटतात. शेंदराखाली ऊन पोचत नाही. तेव्हा आजींनी मारुतीचा रंग डब्यातल्या भुतांपेक्षा चांगला सांभाळला असण्याची शक्यता आहे.

सफाईला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, रॉकेल अजिबात नको, पीव्हीसी खाऊन टाकतात. हात-पाय वाकडे झाले असतील तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. मारुतीला मात्र वाकवायला जाऊ नका. इतकी वर्षं तेल मुरल्यावर त्यातला मऊपणा तेलाने ओढून घेतलेला असणार, शेपूट हातात येईल.

आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. कोरडा खरवडू नका, भुकटी नाकात जाते. घरात लहान मूल असेल तर लांब ठेवा, हात धुवा.

---

सोवळ्यातला

इतकी वर्षं ज्याची पूजा झाली त्याला ब्रश आणि भांड्याचा साबण? खेळणं होतं तेव्हा होतं. आता तो देव आहे. रंग कुठला ते कळून काय मिळणार आहे?

---

भोसरीचा_मोल्डर

पैज मिळणार आहे. वाचा की वर.

---

अजून_लेस्टरमध्येच

वाईची_नात, तुमची पोस्ट वाचून सरळ माळ्यावर चढलो. मी तुमच्या दादाच्या वयाचा, शाळा वेगळी असेल, पण वेड तेच. आमच्या हेडबाईंनी शेवटी ह्या भुतांना शाळेत बंदी केली होती.

थोडी माहिती देतो. मॅचबॉक्स ह्या खेळण्यांच्या कंपनीने ही १९९० मध्ये काढली, कल्पना अमेरिकेतल्या मॉरिसन एंटरटेनमेंट ग्रुपची. पहिल्या मालिकेत ४८ भुतं, गुण ५ ते २५. माझ्याकडची लाल, हिरवी, पिवळी आणि जांभळी आहेत. नुसते हे चार रंग पुरे करायचे म्हटले तरी ४८ चोक १९२. मी १४० वर अडकलोय आणि बायकोच्या मते ते १४० जास्त आहेत. दुसऱ्या मालिकेत आणखी २४ आली, माझ्याकडची ती सगळी तुमच्या आठवणीसारखी झगझगीत आहेत. पुढे १९९२ मध्ये कोनामीने ह्याच भुतांवर व्हिडिओ गेमही काढला.

देवांवरून इथल्या हिंदूंनी आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता असं मला आजही वाटतं. मेड्युसाची पूजा आता कुणी करत नाही. गणपतीची माझी आई रोज करत होती, आणि मी त्याच गणपतीला ड्रॅगनशी लढवत होतो. आईने एकदा पाहिलं, मग काय, धपाटा.

रंगाचं सांगायचं तर एकच मूर्ती एकाहून जास्त रंगांत यायची, तेव्हा माझ्या मारुतीवरून तुमचा ठरणार नाही. तुमचा तुम्हालाच बघावा लागेल.

---

खोडरबर_नागोया

विषय माझ्या जवळचा आहे म्हणून मध्येच शिरतो. इथे जपानात असल्या छोट्या बाहुल्यांना 'केशी' म्हणतात, 'केशिगोमु' म्हणजे खोडरबर ह्यावरून. खोडायला गेलात तर कागद फाटेल, अक्षर तसंच राहील, पण नाव पडलं ते पडलं. बांदाईने १९८३ पासून किन्निकुमान ह्या कुस्तीच्या कॉमिकमधल्या पात्रांची केशी काढली. मोजून ४१८. यंत्रात नाणं टाकायचं, खटका फिरवायचा, आत काय निघेल ते नशीब. ह्यातलीच मॅटेलने १९८५ पासून अमेरिकेत 'मसल' नावाने विकली. तिथे आधी सगळी एकाच मांसल गुलाबी रंगात, कचऱ्याच्या डब्याच्या आकाराच्या डबीत दहा-दहा. रंगीत नंतर आली, आणि माणसं आता त्या रंगीतांच्या मागे धावतात.

मी रंग गोळा करणं सोडून दिलं. एक पात्र, एक रंग, संपलं. नाहीतर निळ्याच्या दोन छटांमध्ये फरक आहे की दिव्याचा परिणाम, ह्यावर रात्रीचे दोन वाजतात.

एक अनुभव सांगतो, वाचून शहाणे व्हा. सुट्टीत नाशिकला आलो तेव्हा पंधरा-वीस केशी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली होती. चार वर्षांनी काढली तर एका पैलवानाच्या छातीवर उलट्या अक्षरांत सोन्याचा भाव. शाई मऊ प्लास्टिकमध्ये उतरते आणि मग काही केल्या जात नाही. थर्मोकोलही नको, चिकटून वितळल्यासारखं होतं. साधा पांढरा कागद घ्या, प्रत्येकाला वेगळं गुंडाळा, पत्र्याचा डबा चालेल.

तो पैलवान आता माझा सर्वांत लाडका आहे. जगात दुसरा नाही.

---

वाईची_नात

सगळ्यांचे आभार, विशेषतः मोल्डरकाकांचे. निकाल सांगते.

कालीला डब्यातल्या सगळ्या लाल भुतांचे गुडघे, कोपरे, शेपट्या लावून पाहिल्या. अकराव्या नंबरला मेड्युसा. तिच्या केसांतला एक साप कालीच्या खांद्यावर असा बसला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तेव्हा काली दुर्मीळ नाही, शेजार वाईट होता. दोघींना आता वेगवेगळ्या कागदात ठेवलंय.

मारुतीला घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. नोटांचं यंत्र मागितलं तर काका म्हणाले, "किती आहेत?" मी रुमालातून मारुती काढला. त्यांनी चपला काढल्या. मग आम्ही दोघांनी दिव्याखाली धरला. सगळं अंग काळं, आणि उजव्या तळपायाला, जिथे टवका उडालाय तिथे, हिरवट पिवळा ठिपका दिव्यासारखा पेटला. घरी येऊन तेवढाच पाय साबणाने धुतला. सोवळ्यातला, माफ करा, धुताना मनात रामरक्षा म्हटली, अर्धीच येते. पुन्हा दुकानात. पुन्हा पिवळा. हळद नव्हे.

म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं जो केशरी मारुती होता तो लेस्टरचा नाहीच, आजीने केलेला आहे. नऊ वर्षांची असताना मी त्याला जेमतेम वर्षभर पिवळा पाहिला आणि पुढे प्रत्येक सुट्टीत शेंदरी.

दादाला फोटो पाठवला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते, तरी लगेच फोन आला. पाय सोडून बाकी काही धुणार नाही हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, नकोच धुऊस, पण पैज पैज आहे.

पैज अशी होती की हरेल त्याने दुसऱ्याला यम मिळवून द्यायचा. कुणाकडे जास्तीचा आहे का? रंग कुठलाही चालेल.

---

अजून_लेस्टरमध्येच

माळ्यावरून उतरलो तो खिशात घालूनच. माझ्याकडे यम दोन आहेत. एक बरा आहे, दुसऱ्याचा एक पाय कुत्र्याने चावलाय. बरा पाठवतो. पत्ता खासगी निरोपात द्या.

पण टोरांटोला पाठवू की पुण्याला? आणि कस्टमच्या कागदावर काय लिहू?

---

वाईची_नात

पुण्याला नको. आई इथेच राहते, आणि नदी जवळ आहे.