ऑनलाइन पुस्तकदुकानांची आशय-धोरणे : लेखकांनी आपले अनुभव लिहावेत

डिसेंबर २०१६ मध्ये अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानाने मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तकांचे दालन उघडले. त्यानंतर स्वतःचे पुस्तक स्वतःच प्रकाशित करणाऱ्या मराठी लेखकांची संख्या वाढत गेली आणि इतर दुकानेही या व्यवसायात होती वा आली. पुस्तक चढवणे सोपे झाले. परंतु चढवलेले पुस्तक विक्रीस ठेवले जाईल की नाही, ठेवले तर शोधात दिसेल की नाही, आणि एके दिवशी ते उतरवले गेले तर त्याचे कारण कळेल की नाही, या गोष्टी लेखकाच्या हाती उरलेल्या नाहीत. ज्यांना याचा प्रत्यक्ष अनुभव आला आहे त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. दुकानाचे नाव घालू नये. कोणत्या कलमाखाली आक्षेप आला, आपण काय उत्तर दिले आणि पुढे काय झाले, एवढे आले तरी इतरांच्या उपयोगी पडेल.

सुरुवात माझ्यापासून करतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांतल्या बालविवाहांवर मी एक पुस्तक लिहिले आहे. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, उचल जोडीच्या नावावर मिळते, आणि वयात येणाऱ्या मुलीला सहा महिने गावात मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत. त्यामुळे गाळप हंगाम तोंडावर आला की लग्ने उरकली जातात. हा सगळा व्यवहार पुस्तकात कागदपत्रांनिशी मांडला आहे. मुखपृष्ठावर मुंडावळ्या बांधलेल्या मुलीचे रेखाचित्र होते. अल्पवयीन व्यक्तींविषयीच्या धोरणाचा भंग झाल्याचे सांगून पुस्तक नाकारण्यात आले. कोणते पान, कोणते वाक्य, याचा उल्लेख नव्हता. मी मुखपृष्ठ बदलून उसाच्या मोळ्यांचे चित्र दिले, तेव्हा आतले एक अक्षरही न बदलता तेच पुस्तक मंजूर झाले. आक्षेप चित्राला होता असा मी तर्क करतो. अधिकृतपणे मला ते आजही कोणी सांगितलेले नाही. मुलांच्या संरक्षणाचे कलम असावे आणि कडकच असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र बालविवाहाविरुद्धचे पुस्तक आणि मुलांच्या शोषणाचे पुस्तक यांतला फरक पान उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि पान उघडले गेले होते असे मला वाटत नाही.

लातूर, आत्मकथन लिहिणारी शिक्षिका

माझे प्रकरण निराळ्या कलमाचे आहे. माझ्या आत्मकथनात शाळेतल्या पाण्याचा प्रसंग आहे. रांजणाला आम्ही हात लावायचा नाही, शिपायाने वरून ओंजळीत पाणी सोडायचे, आणि त्या दिवशी तो नव्हता म्हणून मी स्वतः तांब्या उचलला, तेव्हा एका बाईंनी माझ्या आईला जातीवरून जी शिवी दिली ती मी जशीच्या तशी लिहिली आहे. पुस्तक काही महिने व्यवस्थित विकले जात होते. मग एक दिवस, समूहाविषयी द्वेष पसरवणारी भाषा आढळल्याचे कारण देऊन ते विक्रीतून काढण्यात आले.

मी उत्तरात लिहिले की, ही शिवी मला आणि माझ्या आईला दिलेली आहे, मी त्याच जातीची आहे, आणि १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन आल्यापासून मराठीत अशा लेखनाची मोठी परंपरा आहे. त्यावर पहिलेच पत्र शब्दशः पुन्हा आले, फक्त खालची सही बदललेली होती. मी प्रसंगाचा इंग्रजी अनुवाद, कागदी आवृत्तीवर आलेली परीक्षणे आणि अभ्यासक्रमातील समावेशाचे पत्र जोडले. तरीही तेच पत्र आले. एका स्नेह्यांनी शिवीच्या जागी फुल्या टाकण्याचे सुचवले. त्यांचा हेतू चांगला होता, तरी मी नकार दिला, कारण फुल्यांनी झाकली गेली असती ती शिवी देणारीची लाज. ज्या धोरणाचा उद्देश आमच्यासारख्यांना अपमानापासून वाचवण्याचा आहे, तेच धोरण आमच्या अपमानाची साक्ष पुसायला सांगत असेल, तर ते लागू करणाऱ्याला बोलणारा कोण आणि सोसणारा कोण हे ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

कागदी आवृत्ती दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या स्टॉलवर मांडली जाते. तेथे त्या पानाबद्दल तक्रार घेऊन अजून कोणी आलेले नाही. ई-आवृत्ती मी आता दुसऱ्या, लहान दुकानात ठेवली आहे, जेथे तिला वाचक फार थोडे मिळतात.

कोल्हापूर, स्त्रीरोगतज्ज्ञ

माझे पुस्तक नाकारले गेले नाही, आणि म्हणूनच माझी अडचण कोणाला पटत नाही. किशोरवयीन मुलींसाठी पाळी, गर्भधारणा आणि संततिनियमन यांविषयीचे ते साधे पुस्तक आहे. आतल्या आकृत्यांवरून त्यावर ‘प्रौढांसाठी’ असा शिक्का बसला. पुस्तकाचा थेट दुवा दिला तर ते उघडते. विषय टाकून शोधले तर दिसत नाही, त्याची जाहिरात स्वीकारली जात नाही, आणि ज्या वयासाठी ते लिहिले त्या वयाच्या मुलीच्या खात्यावर ते उघडतच नाही. र. धों. कर्वे यांचे लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन यांविषयीचे मासिक ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ चालले, त्यांच्यावर खटले भरले गेले, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांना निदान आपल्यावर खटला चालू आहे हे माहीत होते. शिक्का बसल्याचे मला एका वाचकाकडून कळले.

पुणे, कथाकार आणि दिवाळी अंकाचे माजी संपादक

मराठी कथेचा प्रवास या धोरणांना ठाऊकच नाही. आपल्याकडे कथा आधी दिवाळी अंकात येते, दोन-चार वर्षांनी संग्रहात जाते, आणि मधल्या काळात अंकाची पीडीएफ कोणीतरी आंतरजालावर टाकलेली असते. माझा संग्रह मी नव्वद दिवसांच्या ‘केवळ येथेच’ योजनेत घातला, कारण ते केल्याशिवाय भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन मिळत नाही, पस्तीसच मिळते. त्यानंतर, हा मजकूर इतरत्र फुकट उपलब्ध आहे, अशी नोटीस आली. जी पीडीएफ मी टाकली नाही, जिच्यावर माझा ताबा नाही, ती उतरवून दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. अंक बंद पडलेला, त्याचे मालक वारलेले. पत्र लिहायचे तरी कोणाला?

दुसरी गोष्ट टंकांची. जुने साहित्य श्रीलिपी किंवा आयएसएम या युनिकोडहून वेगळ्या, जुन्या टंकप्रणालींत जुळवलेले असते. ते युनिकोडमध्ये नेताना रफार एक अक्षर पुढे सरकतो, वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. हे मी हाताने, ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केले. त्यानंतर दर्जाविषयी जी सूचना आली, तिच्यात ‘ऱ्या’ असलेले, म्हणजे नेमके मी दुरुस्त केलेले शब्द, चुकीचे म्हणून दाखवले होते.

चिपळूण, निवृत्त ग्रंथपाल

मी स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तके टिपा जोडून ई-स्वरूपात काढतो. अशा पुस्तकांसाठी दुकाने हक्क संपल्याचा पुरावा मागतात आणि ते योग्यच आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो; साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा त्यांचे साहित्य येथे २०११ पासून मुक्त आहे. अमेरिकेत मात्र अशा जुन्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांचा लागतो, म्हणून १९३५ सालची ‘श्यामची आई’ तेथे २०३० च्या अखेरपर्यंत संरक्षित धरावी लागेल. विक्रीचे प्रदेश निवडताना हा भेद पाळला नाही तर पुस्तक उतरते. जॉर्ज ऑरवेलही १९५० मध्येच वारले, आणि जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने त्यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या त्या याच कारणाने : विक्रेत्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. पैसे परत दिले गेले, आणि पुढे जेफ बेझोस यांनी त्या कृतीबद्दल माफीही मागितली.

माझे पुस्तक अडले ते याहून गमतीच्या कारणाने. मूळ मुखपृष्ठावर ‘शके १८२५’ छापलेले होते. मी अर्जात प्रकाशनवर्ष १९०३ भरले. मुखपृष्ठावरील वर्ष आणि अर्जातील वर्ष जुळत नाही, सबब माहिती दिशाभूल करणारी आहे, असे उत्तर आले. शक आणि इसवी सनातील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंतर मी समजावून सांगितले, मराठी विश्वकोशातील नोंद जोडली. ती ग्राह्य धरली गेली नाही. शेवटी मुखपृष्ठाचे छायाचित्र काढून टाकले आणि कोऱ्या पार्श्वभूमीवर शीर्षक दिले, तेव्हा काम झाले.

ठाणे, लहान प्रकाशक

वर फक्त तक्रारीच आल्या आहेत म्हणून दुसरी बाजू नोंदवतो. आमच्या एका रहस्यकादंबरीची चोरटी प्रत कोणीतरी नाव बदलून, स्वतःच्या नावाने विकायला ठेवली होती. मूळ करारपत्र आणि आयएसबीएनची (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाची) नोंद पाठवताच ती उतरली, आणि त्या खात्यावरची इतर चोरलेली पुस्तकेही उतरली. पुरावा मागणारे कलम नसते तर हे झाले नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये किंडलच्या स्वप्रकाशन सेवेने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर जाहीर करण्याची अट घातली आणि दिवसाला तीनपेक्षा अधिक नवी पुस्तके चढवण्यास मनाई केली, तेव्हाही ओरड झाली होती. माझ्या मते ती अट उशिरा आली.

डोंबिवली, कवयित्री

माझे दोन ओळींचेच आहे. यजमानांचे आणि माझे खाते वेगळे, संगणक एक आणि बँक खाते जोडीचे. ‘एकाच व्यक्तीची दोन खाती’ म्हणून दोन्ही बंद झाली आणि साठलेले मानधन अडकले. विवाहनोंदणीचा दाखला पाठवून यजमानांचे खाते सुरू झाले, माझे अजून नाही.

नागपूर, वकील

लातूरच्या ताईंच्या आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या अनुभवावरून थोडे लिहितो. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. अश्लीलतेच्या आरोपावरून उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तो निकाल आज कोणीही वाचू शकतो. त्यात न्यायमूर्तींनी कथेचा सारांश दिला आहे, आक्षेप घेतलेल्या उताऱ्यांचा विचार केला आहे आणि कथा समग्र वाचून मत बनवले आहे. सात वर्षे खटल्याची टांगती तलवार बाळगणे ही शिक्षाच होती, हे खरे. पण कारण लिहून द्यावे लागत असल्यामुळे ते खोडता आले. अश्लीलतेच्या कायद्यात साहित्य, कला आणि विज्ञान यांच्या हितासाठीच्या प्रकाशनांना अपवाद आहे. दुकानाच्या धोरणाला तो अपवाद बांधील नाही, कारण पुस्तक ठेवणे अथवा न ठेवणे हा खाजगी करार आहे आणि त्या करारात कारण देण्याचे बंधन दुकानाने स्वतःवर घेतलेले नसते. म्हणून माझा सल्ला असा की, न्यायालयाची भाषा वापरून धमकीचे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नये. कराराची त्या तारखेची प्रत जतन करावी, आलेले प्रत्येक पत्र मथळ्यासह साठवावे, आणि अडकलेल्या मानधनाची मागणी आशयाच्या वादापासून पूर्णपणे वेगळ्या पत्रात करावी. डोंबिवलीच्या बाईंनी हे शेवटचे तातडीने करावे.

ठाणे, लहान प्रकाशक

पुण्याच्या संपादक महोदयांसाठी : बंद पडलेल्या अंकाच्या बाबतीत आम्ही लेखकाकडूनच प्रतिज्ञापत्र घेतले होते. कथा प्रथम कोणत्या अंकात, कोणत्या वर्षी आली, मानधन एकदाच छपाईसाठी मिळाले, आणि डिजिटल हक्क कोणालाही दिलेले नाहीत, एवढे त्यात होते. सोबत अंकाच्या अनुक्रमणिकेच्या पानाची प्रत जोडली होती. ते स्वीकारले गेले. मजकूर इंग्रजीत आणि नोटरीच्या शिक्क्यासह असावा. आमच्याकडील मसुदा हवा असल्यास देतो.