सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत लोक नुसते ऐकायचे का?

वाचनवेडी
आमच्या बायबल वर्गात विषय निघाला, पहिल्या तीनचारशे वर्षांत बहुतेकांना वाचताच येत नव्हतं मग शिकवण कानावरच पडायची ना. एकजण म्हणाले लोक मुकाट बसून ऐकत असणार. मला काही ते पटलं नाही. कुणाला माहितीय का?

जुनी_पोथी
बसून नाही हो, उभं राहून! उत्तर आफ्रिकेत हिप्पो गावात ऑगस्टीन बिशप म्हणजे मंडळीचे प्रमुख होते, तिथे बिशप बसून बोलणार आणि लोक उभे. साधारण ४०० साली त्यांनी एका डीकनला (बिशपच्या हाताखालचा सेवक) धर्मात नवख्यांना कसं शिकवायचं ते लिहून दिलं, त्यात चक्क असंय की ऐकणारा जांभया द्यायला लागला तर काहीतरी गमतीचं सांगा नाहीतर त्याला बसायला द्या. म्हणजे कंटाळा आला तर बदलायचं शिकवणाऱ्याने, मला हे फार आवडतं.

दर्यावर्दी
मुकाट तर अजिबातच नाही. ४०३ चं पत्र आहे, ऑगस्टीननी जेरोमला, म्हणजे बायबलचं लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्या विद्वानाला लिहिलेलं. ओएआ म्हणजे आजचं त्रिपोली, तिथल्या बिशपने जेरोमचं नवं भाषांतर चर्चमध्ये वाचायला लावलं. बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या डोक्यावर सावली धरणारा वेल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याचा म्हणून ऐकलेला आणि नव्यात निघाला आयव्ही! एवढा गोंधळ झाला, विशेषतः ग्रीक लोकांनी केला, की बिशपला गावातल्या ज्यूंना जाऊन विचारावं लागलं आणि शेवटी लोक सोडून जातील म्हणून जुना शब्द परत घ्यावा लागला. पोथी हातात नसेल पण शब्द न्‌ शब्द कानात बसलेला होता ना त्यांच्या, एक शब्द हलला तरी कळायचं.

वाचनवेडी
बापरे, एका वेलासाठी! पण ज्यांना प्रवचनाची भाषाच येत नव्हती त्यांचं काय?

जुनी_पोथी
त्यांचीपण सोय होती. ३८० च्या दशकात एगेरिया नावाची बाई यात्रेला जेरुसलेमला गेली होती, तिने लिहून ठेवलंय. बिशपना सिरियाक ही तिकडची स्थानिक भाषा येत असली तरी ते ग्रीकमध्येच बोलायचे, बाजूला एक प्रीस्ट उभा राहून सिरियाकमध्ये सांगायचा आणि लॅटिनवाल्यांना ग्रीक आणि लॅटिन दोन्ही येणारे बंधू-भगिनी समजावून द्यायचे. ईस्टरनंतर नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना बिशप गूढ विधींचा अर्थ उलगडून सांगायचे तेव्हा तर लोक अशी दाद द्यायचे की आवाज चर्चच्या बाहेर ऐकू यायचा.