गुलमर्गला 40 लिटरची सॅक? स्कीइंगला पाठीवर नेमकं काय हवं

बोरीकर
गुलमर्गला स्कीइंगला निघालेल्या आपल्या गोव्यातल्या एका मुलाने काल इथे विचारलं, बॅग कुठली घेऊ. त्याला उत्तर मिळालं, "40 लिटरची ट्रेकिंगची सॅक घे, सह्याद्रीतही चालेल, पैसे वसूल." वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

रिसॉर्टवर दिवसभर स्कीइंग करायचं तर 15 लिटर पुष्कळ, फार तर 20. आत जातं काय? पाणी, एक पातळ जॅकेट, जादा गॉगल, जादा हातमोजे, सनस्क्रीन, चार चिक्क्या. मोठी सॅक अर्धी रिकामी राहिली की सामान आत हेलकावे खातं आणि ऐन वळणावर तोल जातो. त्यात चेअरलिफ्ट, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या उघड्या खुर्च्या! ट्रेकिंगच्या सॅकला कमरेला, बाजूला, खाली असे लोंबते पट्टे असतात. उतरताना त्यातला एक जरी खुर्चीत अडकला, तरी खुर्ची तुम्हाला फरफटत नेते. माणसं अशी हवेत लटकलेली आहेत. म्हणून बसायच्या आधी छातीचा बकल सोडायचा, बॅग पाठीवरून काढून मांडीवर घ्यायची. मांडीवर मावायला ती चपटीच हवी. आणि चेनला दोरीची मोठी गाठ हवी, जाड हातमोज्यांत बोटं चालत नाहीत.

म्हापशेकर
बोरीकरबाब, तो सल्ला माझा, आणि मी तो मागे घेत नाही. गुलमर्गला लोक मुख्यतः गोंडोलाने जातात. बंद केबिन, स्की बाहेरच्या कप्प्यात, पट्टा अडकायचा कुठे? चेअरलिफ्ट आहे ती कोंगडोरीच्या, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, वर. पट्टे आवळले की 40 लिटरचीही चपटी होते.

शिवाय आपण राहतो कुठे ते बघा. वर्षातून आठवडाभर वापरायची बॅग उरलेले दिवस माळ्यावर. माझी एक चांगली महागडी बॅग चवथीच्या साफसफाईत काढली तर आतून चिकट, हाताला पांढरे पापुद्रे, वास असा की पुन्हा घरात घेववेना. पावसाने खाल्ली. म्हणून म्हणतो, सतत वापरात राहील अशी एकच घ्या.

कुडचडेकर
पावसाला दोष देऊ नका, आणि ती बुरशीही नव्हे. आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत विघटित होतो, मग चिकटतो आणि सुटतो. बॅग वापरा नाहीतर ठेवा, कधीतरी होणारच. दमट आणि गरम जागी लवकर, आणि गोव्यात माळ्याइतकी वाईट जागा नाही. सिलिकॉनचा थर असलेलं कापड घ्या, त्याला हे होत नाही.

मडगावची बाय
बुरशी वेगळी, थर सुटणं वेगळं, पण आमच्याकडे दोन्ही होतं! बॅग पूर्ण वाळवून, चेन उघड्या ठेवून, सुती कपड्यात गुंडाळून खोलीत टांगायची. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर आतला ओलावा आतच. आणि डांबरगोळ्या टाकू नका, तो वास बर्फातही जात नाही.

म्हापशेकर
डांबरगोळ्या आमच्या आईपासून चालत आल्या आहेत. कपाटात एकाही कपड्याला कसर नाही.

मडगावची बाय
कसर लोकरीला आणि रेशमाला लागते हो, नायलॉनला नाही. कशाला टाकता मग?

पेडण्याचा
तुम्ही बुरशीवर भांडत बसा. मूळ प्रश्नाचं उत्तर: बॅगच नको. जॅकेटला खिसे असतात. माझा मित्र पाठीवर स्टीलची बाटली घेऊन पडला, मणक्याला मुका मार बसला. बाकी सुट्टी हॉटेलच्या खाटेवर.

बोरीकर
तो दोष बाटलीचा. कडक वस्तू पाठीला लागून ठेवायची नाही, मऊ जॅकेट मध्ये घालायचं. नळीवाली पाण्याची पिशवी घेणाऱ्यांनी घोट घेतल्यावर नळीत उलट फुंकून पाणी आत ढकलायचं, नाहीतर नळी गोठते.

वाळपईकर
सगळे एक गोष्ट विसरताय. गुलमर्गच्या वरच्या अफरवाट डोंगरावर गोंडोला जवळजवळ 4,000 मीटरवर सोडते. बचाव पथकाची गस्त असते ती ठराविक भागात, बाहेर पडलात की तो रिसॉर्ट नव्हेच. 2023 च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. तिकडे जायचं तर फावडं, प्रोब (बर्फात गाडलेल्याला टोचून शोधायची लांब काठी) आणि अंगावर बीकन (गाडलेला कुठे आहे ते कळवणारं छोटं रेडिओ यंत्र) हवाच, आणि तो वापरता येणारे सोबती. फावडं-प्रोबला वेगळा कप्पा असलेली 25-30 लिटरची बॅग लागते, 15 मध्ये हे बसत नाही. एअरबॅगवाली (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी) घेणार असाल तर गॅसच्या सिलिंडरला विमान कंपनीची परवानगी आधी मागा, विमानतळावर जाऊन वाद घालू नका.

बोरीकर
माझं सगळं लिहिणं रिसॉर्टपुरतं होतं. पण बरं, गस्तीबाहेर जाणाऱ्याला 15 लिटर नाही पुरत. लिहायला हवं होतं.

म्हापशेकर
म्हणजे मोठी बॅग लागते! हेच मी काल म्हटलं.

वाळपईकर
नाही, तुम्ही ट्रेकिंगची सॅक म्हटलंत. फावड्याचा कप्पा आणि स्की तिरकी बांधायची सोय असलेली बॅग वेगळी. तो मुलगा पहिल्यांदा चाललाय, खालच्या उतारावर शिकणार. त्याला बोरीकरांचीच बॅग.

म्हापशेकर
चेअरलिफ्टच्या पट्ट्यांचं पटलं, घ्या. त्याला 20 लिटरची सांगतो. पण डांबरगोळ्यांचं मी ऐकणार नाही.