नाला दिवाळीतच आटतो: धुरे मोडल्यामुळे की विहिरींवरच्या मोटारी वाढल्यामुळे?

धुरेकरी
यशोदा, बेंबळा, वणा या वर्धेला मिळणाऱ्या नद्यांच्या वरच्या अंगाचे नाले पोळ्याला दुथडी वाहतात आणि दिवाळीला कोरडे पडतात. "पाऊसच कमी झाला" हे उत्तर मला पटत नाही. पाऊस पडतो, पण तो थांबवणारी जमीन बदलली. ट्रॅक्टरला वळायला अडचण होते म्हणून धुरे, म्हणजे वावरांमधले बांध, मोडले, तीन वावरांचं एक वावर केलं, मधली घळ नांगरून पेरली, ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, बरडही वहितीखाली आली. दीड मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब धुरा मोडला की दीडशे चौरस मीटर जागा मिळते. हेक्टरला दीड टक्का, तेवढ्याच पेऱ्यासाठी.

आता जातं किती ते बघा. अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, काढायच्या कर्व्ह नंबर पद्धतीत आकडा जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहतं. त्यात भारी काळ्या जमिनीवर उताराच्या दिशेनं पेरलेल्या, निगा नसलेल्या वावराला ९१ आकडा धरतात. समतल रेषेवर पेरून निगा राखली तर ८६, त्यावर बांधही असले तर ८१. एका दिवसात ८० मिलिमीटर पाऊस पडला तर पहिल्या वावरातून ५६ मिलिमीटर वाहून जातो, तिसऱ्यातून ३६. फरक २० मिलिमीटरचा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे एका पावसात, एका हेक्टरमधून दहा हजार लिटरचे वीस टँकर जास्तीचे नाल्यात जातात, आणि सोबत माती घेऊन जातात. तीच माती खालचे गाव तलाव आणि पाझर तलाव भरून टाकते.

पाणीमापी
गणित बरोबर आहे, पण दोन दुरुस्त्या हव्यात. पाणी वाहायला लागण्याआधी जे जमिनीत अडतं, तो सुरुवातीचा हिस्सा तुम्ही जमिनीच्या एकूण धारणक्षमतेच्या ०.२ पट धरला. काळ्या जमिनीत, माती बऱ्यापैकी ओली असताना, आपल्याकडे ०.१ धरतात. तसं केलं तर ९१ ला साडेअठ्ठावन्न आणि ८१ ला ४१ येतात. फरक साडेसतरावर येतो.

दुसरी दुरुस्ती मोठी आहे. वावरात थांबलेलं पाणी म्हणजे विहिरीत गेलेलं पाणी नव्हे. मीटरभर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडेल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी स्वतःच धरून ठेवते. जूनमध्ये जमीन भेगाळलेली असते तेव्हा पहिला पाऊस भेगांमधून थेट खाली उतरतो. भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला १ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. माती पूर्ण भरल्यावरच, बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जास्तीचं पाणी मुरमात जातं. जुलैत अडवलेले वीस मिलिमीटर तूर नाहीतर हरभरा पिऊन घेतो. हे वाईट नाही, पण त्यानं नाला वाहणार नाही.

वाफसा
मग नाला का आटतो, हे मोटारीकडे बघितल्याशिवाय कळणार नाही. आपल्याकडे खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. मुरमाचा थर पाणी सोडतो तो आपल्या आकारमानाच्या साधारण २ टक्के. म्हणजे जमिनीखाली २० मिलिमीटर पाणी गेलं तर पातळी एक मीटर चढते, आणि २० मिलिमीटर उपसलं तर एक मीटर उतरते. हरभऱ्याला स्प्रिंकलरनं एक ओलित दिलं की सुमारे ५० मिलिमीटर लागतात. दोन ओलितांना १०० झाले. शिवाराच्या ३० टक्के क्षेत्रावर हे झालं तर सरासरी ३० मिलिमीटर, म्हणजे पातळीत दीड मीटरची घट. ओलिताचं थोडं पाणी परत मुरतं हे मान्य, तरी मोठा भाग जातोच. विहिरीची पातळी नाल्याच्या तळाखाली गेली की नाल्याचा झरा बंद. मग धुरा असो की नसो.

वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा बघा. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन पाणी मुरवणारी, वर डोंगर, जंगल. तरी तिथं उपशामुळे पातळी खोल गेली. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आहेत. शिवारात बोअर त्याच्या कितीतरी खाली जातात, हे सर्वांना माहीत आहे.

पऱ्हाटी
तुमचे आकडे ठीक, पण शेतकऱ्यानं हव्यासानं धुरे मोडले, हा धुरेकरी भाऊंचा सूर मला खटकतो. खोल काळ्या जमिनीत समतल बांध घातले, की बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, वावर चिभडतं, सोयाबीन पिवळं पडतं, मुळं सडतात. मग शेतकरी फावड्यानं बांध फोडतो. त्या एका फटीतून सगळं पाणी एकदम जातं आणि दोन पावसाळ्यांत तिथं घळ तयार होते. भारी जमिनीत समतल बांध हा सल्लाच चुकीचा होता. तिथं ढाळीचे बांध लागतात, म्हणजे थोडा उतार देऊन जास्तीचं पाणी हळू बाहेर काढणारे.

सोयाबीनला दोष देणाऱ्यांनाही सांगतो. ज्वारी हिवाळ्यापर्यंत उभी राहायची, जमिनीतली ओल ओढायची. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं आणि दीड महिन्यात तासांमधली, म्हणजे पेरणीच्या ओळींमधली, जमीन झाकतं. चार फुटांवर लावलेली पऱ्हाटी (कपाशी) ऑगस्टपर्यंत जमीन उघडीच ठेवते. पिकाचं नाव महत्त्वाचं नाही. पेरणी उताराच्या दिशेनं की आडवी, आणि सोयाबीननंतर ओलिताचा हरभरा की कोरडवाहू, यावर सगळं ठरतं.

धुरेकरी
पऱ्हाटी भाऊ, मान्य. हव्यासाचा सूर माझा चुकला. ढाळीच्या बांधाबद्दल पूर्ण सहमत, पण तो करताना दोन गोष्टी नेहमी चुकतात, म्हणून नीट लिहितो. अंतर आधी काढायचं. २ टक्के उतारावर दोन बांधांमधला उभा फरक ०.८ मीटर, म्हणजे आडवं अंतर ४० मीटर. १ टक्का उतारावर ०.७ मीटर, म्हणजे ७० मीटर. बांधाला शंभर मीटर लांबीत २० ते ४० सेंटिमीटर ढाळ ठेवायचा. रेषा डोळ्यानं आखायची नाही. पारदर्शक पाण्याच्या नळीनं आखायची, नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं.

पहिली चूक म्हणजे बांधाचं तोंड मोकळ्या मातीत सोडणं. पाणी बाहेर पडतं तिथं आधी गवताचा चर हवा, पावसाळ्यापूर्वी गवत धरलेलं. दुसरी चूक म्हणजे बांध आडवा आणि पेरणी उभी. ट्रॅक्टरवाल्याला पहिलं तास बांधाला समांतर धरायला सांगितलं नाही, तर प्रत्येक तास एक छोटा नाला होतो आणि बांधावर येऊन आदळतो. रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर सरीच जास्तीचं पाणी संथपणे बाहेर नेते, वरंब्यावरचं पीक चिभडत नाही.

नालाकाठ
हे सगळं प्रत्येक वावरात व्हायला वीस वर्षं लागतील. नाला खोलीकरण एका उन्हाळ्यात होतं. ५०० मीटर लांब, ८ मीटर रुंद, २ मीटर खोल केलं तर ८,००० घनमीटर साठा होतो. बाजूच्या विहिरी त्याच वर्षी चढतात, हे लोकांनी डोळ्यानं बघितलं आहे.

पाणीमापी
नाल्याचं पाणलोट १०० हेक्टर धरा. ८,००० घनमीटर त्यावर पसरले तर फक्त ८ मिलिमीटर. तीनदा भरला तर २४, पण वरून माती येत राहिली तर दुसऱ्या वर्षी तळाला गाळाचा थर बसतो आणि मुरणं थांबतं. शिवाय पोकलेननं मुरूम ओलांडून सलग खोदलं तर नाला स्वतःच चर बनतो. काठच्या विहिरींचं पाणी तो दोन्ही बाजूंनी ओढून खाली नेतो. खोलीकरण करायचंच तर तुकड्यातुकड्यानं, मधे न खोदलेला भाग सोडून, आणि माथ्यावरचे अनघड दगडी बांध आधी.

वाफसा
माथा ते पायथा मलाही मान्य. फक्त अडवलेलं पाणी वाढलं की ओलिताचं क्षेत्रही वाढतं, आणि नाला पुन्हा तिथंच. गावानं रब्बीचं क्षेत्र पाणी मोजून ठरवलं नाही तर बांध घालून उपयोग अर्धाच.

पाणीमापी
धुरे की मोटारी, याचं उत्तर प्रत्येक शिवारात वेगळं येईल आणि ते मोजून काढता येतं. पाच विहिरी निवडा: दोन माथ्याच्या, दोन मधल्या, एक नाल्याकाठची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेसारखं ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं चारदा मोजा. सकाळी, मोटार किमान आठ तास बंद असताना, काठावरून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं. पाऊस नेहमीसारखा असून ऑक्टोबरमध्येच विहीर भरलेली नसेल, तर पाणी मुरतच नाही: दोष वरच्या जमिनीत. ऑक्टोबरमध्ये भरलेली आणि जानेवारीत तीन-चार मीटर खाली असेल, तर उपसा.

धुरेकरी
ऑक्टोबरच्या मापात माझी एक भर. नाल्याच्या तळाची उंचीही त्याच नळीनं विहिरीच्या काठाशी जुळवून लिहा. नाहीतर विहीर किती मीटर उतरली ते कळेल, पण पाणी नाल्याच्या तळाखाली जाऊन झरा साधारण कधी बंद होणार ते कळणार नाही.