उद्यानातील डिस्क गोल्फ: वाटेवरच्या लोकांसाठी किती थांबावे?

प्रश्न

मी सहा-सात महिन्यांपासून एका सार्वजनिक उद्यानातील १८ होलच्या (टप्प्यांच्या) कोर्सवर डिस्क गोल्फ खेळत आहे; यात फ्रिस्बीसारखी चकती, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची असते. पाचव्या होलवर बास्केट टी पॅडपासून (पहिली फेक करण्याच्या जागेपासून) सुमारे ९० मीटरवर आहे आणि ६० मीटरच्या आसपास एक पायवाट डावीकडून फेअरवेला (टी पॅड ते बास्केट या खेळाच्या पट्ट्याला) अगदी चिकटून जाते. मी उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकतो. गेल्या रविवारी माझा ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क) शेवटी डावीकडे वळला आणि बाबागाडी घेऊन चाललेल्या एका बाईंच्या पुढ्यात, जेमतेम दोन हातांवर पडला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबून माझ्याकडे पाहत राहिल्या. तेव्हापासून त्या टी पॅडवर उभे राहिले की माझा हात आखडतो. वाट पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबायचे म्हटले, तर सुटीच्या दिवशी पाच-पाच मिनिटे निघून जातात, मागे दुसरा गट येऊन खोळंबतो आणि फेकीला तीस सेकंदांची मर्यादा असल्याची आठवण कोणीतरी करून देतोच. अशा वेळी नियम काय सांगतात आणि जाणते खेळाडू प्रत्यक्षात काय करतात?

प्रतिसाद १

तीस सेकंदांचा मुद्दा आधी निकालात काढतो. पीडीजीएच्या (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन या खेळाच्या संघटनेच्या) नियमांप्रमाणे आधीच्या खेळाडूची फेक झालेली असेल, तुम्हाला आपल्या जागी पोहोचायला पुरेसा वेळ मिळालेला असेल आणि खेळण्याची जागा मोकळी व व्यत्ययरहित असेल, तेव्हाच ते सेकंद मोजायला सुरुवात होते. म्हणजे डिस्कच्या टप्प्यात माणूस चालत असताना घड्याळ सुरूच झालेले नसते. उलट, आपल्या फेकीने कोणालाही इजा होणार नाही याची खात्री पटेपर्यंत फेकू नये, असे त्याच नियमावलीतील शिष्टाचाराच्या कलमात आहे. स्पर्धेत त्याचा भंग झाल्यास पहिल्यांदा ताकीद मिळते आणि नंतर दर वेळी एका फेकीचा दंड बसतो.

फेकीच्या रेषेत कोणी उभे असेल, तर त्याला बाजूला होण्याची विनंती करण्याची मुभाही नियमांत आहे, पण काही खेळाडू ती हुकमासारखी वापरतात आणि बाकावर निवांत बसलेल्या माणसाला उठवायला जातात, हे मला मुळीच पटत नाही. उद्यानात फिरायला आलेल्या माणसाने आपल्या खेळाचे नियम वाचलेले नसतात आणि त्याने ते वाचावेत अशी अपेक्षाही नसावी.

प्रतिसाद २

थांबावे लागते हे खरे, पण किती थांबावे लागेल हे तुम्ही कोणती डिस्क हातात घेता यावर बरेच अवलंबून आहे. उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे झुकते, आणि ड्रायव्हरमध्ये हा झुकाव सहसा सर्वांत जास्त असतो; तुमची वाट नेमकी त्याच बाजूला आहे. वारा पाठीमागून असेल, तर डिस्कला उचल कमी मिळून ती आणखी लवकर डावीकडे उतरते, त्यामुळे अशा दिवशी त्या होलवर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा. समोरच्या वाऱ्यात ती उलट उजवीकडे कलते आणि वर चढते, मात्र तेवढ्यावर भरवसा ठेवू नये, कारण वेग ओसरला की ती पुन्हा डावीकडे येते.

त्या जागी मी पुटर (जवळच्या फेकीची डिस्क) घेऊन वाटेच्या बराच अलीकडे, ४५ ते ५० मीटरवर डिस्क टाकतो, चालत तिथे जातो आणि दुसरी फेक दोन्ही बाजू डोळ्यांनी पाहून करतो. एखादी फेक वाढते खरी, पण ९० मीटरचा होल तीन फेकींत संपवणे तरीही हाताबाहेर जात नाही. पुटरची कडा बोथट असते आणि तो सावकाश जातो, म्हणून चुकून कोणाला लागलाच, तरी ड्रायव्हरच्या धारदार कडेइतका तो सहसा लागत नाही. फोरहँड (तळहात पुढे ठेवून बाजूने करायची फेक) येत असेल, तर डिस्क शेवटी वाटेपासून दूर, उजवीकडे वळते. पण तो कच्चा असेल, तर सराव गर्दीत करू नका.

प्रतिसाद ३

दोष सगळा खेळाडूंच्या माथी मारणेही बरोबर नाही. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिला कायमचा कोर्स आखला, तेव्हा हा खेळ साध्या, बोथट कडेच्या फ्रिस्बीने खेळला जात होता. तिरकस कडेची, खास गोल्फसाठीची डिस्क १९८३ साली आली आणि फेकींची लांबी वाढत गेली. वाटेला चिकटून आखलेला होल आजच्या ड्रायव्हरला अपुरा पडतो. उद्यानाच्या व्यवस्थापनाला टी पॅड थोडा सरकवण्याची किंवा वाटेच्या अलीकडच्या एखाद्या झाडाला मँडेटरी ठरवून डिस्क त्याच्या उजवीकडूनच न्यायला लावण्याची लेखी विनंती करावी. आमच्याकडे टी पॅड सरकायला वर्ष लागले, पण सरकला.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पुटरची युक्ती या आठवड्यात करून पाहीन. एक शंका राहिली: डिस्क भरकटल्यावर ‘फोर’ (गोल्फमधला सावधगिरीचा इशारा) असे ओरडावे का?

प्रतिसाद १

ओरडावेच, आणि डिस्क वळते आहे असे वाटताक्षणी ओरडावे. मात्र खेळ ठाऊक नसलेला माणूस तो शब्द ऐकून नेमका मान वर करून पाहतो, म्हणून मी ‘डोके सांभाळा’ असे ओरडतो. मागच्या गटाबद्दल म्हणाल, तर त्यांच्यापुढचा होल मोकळा असेल, तर त्यांना पुढे जाऊ द्या. वाट त्यांच्यासाठीही तेवढीच भरलेली असेल, हे त्यांना टी पॅडवर उभे राहिल्यावर कळेलच.